माझ्या पोटातली चिठ्ठी

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. माझा पुठ्ठा कधीच गेला, आता सुतळीने बांधलेला असतो. परभणीच्या बाजारात रद्दीच्या ढिगातून माधवीने मला उचललं, तेव्हा ती बी.ए. करत होती. पालमच्या एसटीत ती मला मांडीवर उघडायची. नुसता अर्थ नाही, शब्द कुठून आला तेही वाचायची. "माधवे, इंग्रज होतीस का काय?" मैत्रिणी म्हणायच्या. माझं कौतुक झालं ते तेवढंच.

लग्नानंतर मी तिच्या पेटीतून सासरी आलो. सासूबाई झुंबरबाईंना वाचता येत नव्हतं, पण लिहिलेल्या कागदाचा त्यांना लय मान. लाइटबिल असो की लशीचा कागद, त्या माझ्याच पानांत ठेवत. दसऱ्याला मला हळद-कुंकू लागे. उघडून वाचत मात्र कोणी नव्हतं.

दिवाळीनंतर माधवी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. दीड वर्षाची राजेश्री आजीपाशी राहिली. आई गेल्यावर काही दिवसांतच ती चालू लागली, पण दोन्हीकडे कलत, डुलत. आजीने हौसेने तिच्या पायांत घुंगरांचे वाळे घातले. शेजारणी तिला मुद्दाम चालायला लावत आणि हसत.

माधवी फोनवर रोज विचारायची, "नीट चालतीय ना?"

"नीट? आगं, नाचायलीय पोरगी!"

त्याच सुमारास अंगणवाडीत डॉक्टर तपासायला आले. त्यांनी दिलेली चिठ्ठी आजीने कपाळाला लावली आणि माझ्या मधल्या पानांत ठेवली.

चैत्रात माधवी परतली. लेक दारातून तिच्याकडे आली आणि माधवीचं हसू जागीच थांबलं.

"आत्याबाई, ही अशी का चालतीय?"

"चालच हाय तिची, बदकावानी."

"कुणाला दाखवलं का?"

"दाखवलं की! डाक्टरनं कागद दिलाय. मी जपून ठिवलाय."

चिठ्ठी इंग्रजीत होती. खुब्याचा फोटो ताबडतोब काढा, हे माधवीला कळलं. एकच शब्द अडला. तिने माझी शेवटची पानं उलटली. वॉडल : बदकासारखं डुलत चालणं. बहुधा पाण्यातून चालत जाण्याच्या एका जुन्या शब्दावरून आलेला. पाण्यात पुन्हा पुन्हा पाऊल टाकत राहणं.

तिने मान वर केली. अंगणात टिपूस पाणी नव्हतं. राजेश्री मात्र कमरेएवढ्या पाण्यातून वाट काढावी तशी येत होती. वाळे वाजत होते. माधवीने खाली बसून ते काढले.

परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही मांड्यांची हाडं खुब्यातून निसटलेली आहेत, जन्मापासून. पाच महिने आधी आणली असती, तर कदाचित नुसत्या प्लास्टरवर भागलं असतं. आता ऑपरेशन. तरीही पाऊल पुरतं सरळ पडेल, असं त्यांनी म्हटलं नाही.

आज राजेश्री छातीपासून पायापर्यंत प्लास्टरमध्ये पडून आहे. उशाशी आजी वाळे मुठीत धरून बसते. "जपून ठिवला व्हता गं, माय," एवढंच म्हणते.

मित्रांनो, चिठ्ठी माझ्या मधल्या पानांत होती आणि अर्थ शेवटच्या. पाच महिने दोन्ही माझ्याच पोटात होते आणि मला स्वतःहून एक पान उलटता आलं नाही. येत्या दसऱ्याला मला हळद-कुंकू नको. मला उघडा.