सफेद्यावरचा आळ

तलासरीच्या दवाखान्यातल्या वासुदेव कंपाउंडरने आयुष्यात पहिल्यांदाच मिशी राखली होती आणि तिच्यावर त्याचा फार जीव होता. कचेरीतली मंडळी दर सव्वीस जानेवारीला एकच ठरलेलं नाटक करत आणि गेली सहा वर्षं त्यातली नायिका तोच होता. अंगावर नऊवारी, डोक्यावर गंगावन, आणि मग वर्षभर बाजारात "काय वहिनी, कुठं निघालात?" यंदा, एकोणसाठ साली, सुटका झाली होती. शाळेतल्या नव्या मास्तरीण लतिकाबाई नायिकेचं काम करणार होत्या. तलासरीच्या रंगमंचावर खरीखुरी बाई! डहाणूला रेल्वेत असलेल्या वडिलांचा होकार मिळवायला त्यांना गणपतीपासून दिवाळीपर्यंत झगडावं लागलं होतं.

आणि तालमी सुरू होऊन तीन आठवडे झाले नाहीत तोच बाईंच्या गालांवर आणि कपाळावर पुटकुळ्या उठल्या. एकदोन नव्हे, चांगल्या ठसठसणाऱ्या.

दिग्दर्शक काशीनाथराव हे कचेरीतले अव्वल कारकून; नाटकात स्वतःही एक काम करायचे. प्रत्येक तालीम रंग लावूनच व्हायची, असा त्यांचा हट्ट. आधी तोंडाला खोबरेल चोळायचं, त्यावर सफेद्याची पांढरी पूड, त्यावर लाली. चेहऱ्याला सवय लागते म्हणे! त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि निकाल देऊन टाकला.

"मी म्हटलं नव्हतं? सफेदा बायकांच्या कातडीला सोसत नाही. हा वासुदेव सहा वर्षं लावतोय, एक फोड आला का? चोवीस तारखेला रंगीत तालीम आहे, दहा दिवस उरलेत. तोवर चेहरा साफ झाला तर ठीक, नाहीतर वासुदेवा, मिशी काढ."

वासुदेवचा हात मिशीवर गेला. बाई मात्र वही मिटून उठल्या. त्या उठण्याचा त्याला मिशीपेक्षाही जास्त त्रास झाला. आज ही बाई घरी गेली, तर पुढची वीस वर्षं सगळे हेच सांगत बसणार, की एकीने करून पाहिलं, पण जमलं नाही.

दुसऱ्या दिवशी लतिकाबाई दवाखान्यात आल्या. डॉक्टरसाहेबांनी चेहरा पाहिला, चेहरा तेलकट आहे एवढंच म्हणाले, आणि चिठ्ठी लिहून वासुदेवकडे पाठवली. त्याने चिठ्ठी वाचली, बरण्या काढल्या आणि तराजू हातात घेतला. गुलाबी कॅलामाइन तोलून झालं. मग झिंक ऑक्साइड, म्हणजे जस्ताची पांढरी पूड. ती खलात पडली आणि त्याचा हात थांबला. त्याने चिमूटभर पूड बोटांत चोळून पाहिली.

"बाई," तो एकदम ओरडलाच, "अहो, हा तर सफेदा!"

"म्हणजे? जे लावून फोड आले तेच पुन्हा लावू?"

"पूड तीच. पण तिथं खाली काय असतं? बोटभर खोबरेल! तुमची कातडी मुळात तेलकट, त्यावर रोज तेल थापून तीन तास पेट्रोमॅक्सच्या बत्तीसमोर उभं करायचं, मग ती बिचारी काय करणार? मी वाचलो, कारण माझं तोंड मुळातच सुक्या बोंबलासारखं कोरडं. सफेद्यावर उगाच आळ आलाय."

लतिकाबाई हसल्या. दोन दिवसांत पहिल्यांदाच. वासुदेवने पूड चांगली घोटली, त्यात थोडं ग्लिसरीन आणि पाणी घालून बाटली भरून दिली. "हलवून लावायचं. रोज दोनदा, आणि तोंडाला तेलाचा थेंब लागू द्यायचा नाही. आणि बाई, फोडायच्या नाहीत हं."

चौथ्या दिवशी त्या बाटली भरून न्यायला आल्या त्या हसतहसतच. सकाळी घाईत तोंड धुवायचं राहिलं आणि गुलाबी चेहऱ्यानेच त्या वर्गात गेल्या. पोरं टकामका बघत बसली. शेवटी पाड्यावरची लाडकी उभी राहून म्हणाली, "बाई, तोंड तर भिंतीसारखं सारवून झालं, आता चित्र कवा काढाल?"

"मग काय सांगितलंत?" वासुदेवने विचारलं.

"म्हटलं, सव्वीस जानेवारीला. बघायला या."

चोवीस तारखेला काशीनाथरावांनी बाईंना दिवसाउजेडी अंगणात उभं केलं आणि चष्मा पुसून दोन्ही गाल तपासले. ठसठस गेली होती, पुटकुळ्या वाळल्या होत्या. हनुवटीवरची एक तेवढी हट्टाला पेटून बसली होती, आणि काही डागही होते. ते काय दहा दिवसांत जायचे नव्हते.

"ठीक आहे," ते नाराजीने म्हणाले, "पण आता रंग लागला की पुन्हा उठतील. वासुदेवा, तू आपली मिशी..."

"रंग मी लावतो," वासुदेव म्हणाला. काशीनाथरावांचं बोलणं त्याने जन्मात पहिल्यांदा मध्येच तोडलं होतं.

त्याने खोबरेलाची बाटली खिडकीबाहेर ठेवली, पाण्यात आणि चार थेंब ग्लिसरिनमध्ये सफेदा कालवला आणि हलक्या हाताने बाईंच्या चेहऱ्यावर चढवला. डाग झाकले गेले. हनुवटीवरच्या त्या हट्टी पुटकुळीवर त्याने काजळाचा ठिपका देऊन तीळ केला. काशीनाथराव बघत राहिले आणि मग म्हणाले, "तीळ बरा दिसतो."

सव्वीस तारखेला शाळेच्या पटांगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लाडकीचा वर्ग तर पहिल्या रांगेत होता. पडद्यामागे वासुदेव संहिता धरून बसला होता, पण बाई एकदाही अडल्या नाहीत. उलट दुसऱ्या अंकात काशीनाथरावच वाक्य विसरले आणि बाईंनीच त्यांना सावरून घेतलं. सहा वर्षं त्याने म्हटलेली तीच ती रडकी वाक्यं बाईंच्या तोंडून अशी आली, की समोरच्या बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. त्याच्या वेळी त्या हसायच्या. त्याला क्षणभर वाईट वाटलं, मग इतका आनंद झाला की पान उलटायचंच राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या खिडकीशी चार मुली उभ्या होत्या. दोघी कचेरीतल्या कारकुनांच्या, एक पोस्टमास्तरांची आणि एक किराणावाल्या गुजराती शेठची. चौघींच्या हातात रिकाम्या बाटल्या.

"भाई, लतिकाबाईंची दवा द्या ने," शेठची मुलगी म्हणाली.

वासुदेवने चौघींचे चेहरे एकेक करून पाहिले. एकीच्याही तोंडावर साधी पुटकुळी नव्हती.

"हे औषध तुम्हाला मिळणार नाही," तो म्हणाला. मुलींची तोंडं उतरली. त्याने दवाखान्याचं दार ओढून घेतलं आणि पायात चपला सरकवल्या. "तुम्हाला जे हवंय ते काशीनाथरावांकडे मिळतं, नाटकातली कामं तेच वाटतात. चला, मी येतो बरोबर."