पहिला दोर

"घे ना, शालिकराम. देवाचं हाय." मासेमारांतले वडीलधारे झिंगूभाऊ, त्यांनी पळसाचा द्रोण पुढे केला आणि मोहाच्या दारूचा वास शालिकरामच्या नाकात थेट घुसला.

तलावात आज वर्षातलं मोठं जाळं पडायचं होतं. आधी मोहाची धार पाण्याला द्यायची, उरलेली पहिला दोर धरणाऱ्यानं प्यायची, हा चिमूरजवळच्या या गावातल्या मासेमारांचा रिवाज. पहिला दोर म्हणजे मान. गेल्या वर्षी पिऊन पाण्यात पडला म्हणून शालिकरामचा तो मान गेला. दिवाळीपासून त्यानं दारू सोडली, म्हणून आज परत मिळाला. मिळाला तोही दारूसकट! देवालाही थट्टा सुचते कधी कधी.

पाळीवर, तलावाच्या बांधावर, शालिकरामची बायको गोकुळा बसली होती. ती दरवर्षी बसायची. मासे बघायला नव्हे, नवऱ्याला उचलून घरी न्यायला.

शालिकरामच्या तोंडाला पाणी सुटलं आणि त्याची त्यालाच भीती वाटली. नाही म्हणावं तर रिवाज मोडतो, घ्यावं तर सगळंच गेलं. व्यसनमुक्ती केंद्रातल्या नूतन मॅडम म्हणायच्या, "दादा, हा आजार आहे. ओढ आली की लपवू नका, लपवली की वाढते. जवळच्या माणसाला मोठ्यानं सांगा." केंद्रात बसून ते सोपं वाटायचं. इथे अख्खा गाव उभा होता.

"भाऊ," तो मोठ्यानं म्हणाला, "मले आत्ता लय प्यावंसं वाटून राह्यलं. पण एक घोट गेला ना, तर मी थांबत नाई. मले सांभाळा."

"काऊन रे, बायकोले भेतं का?" मागच्या मासेमारांतला भूपेश हसला. बाकी कोणी हसलं नाही.

झिंगूभाऊंनी अख्खा द्रोण पाण्यात उपडा केला.

"देव आज लय तहानला हाय," ते म्हणाले. "धर दोर!"

शालिकराम छातीभर पाण्यात उतरला. दोर त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही. जाळं काठाला आलं तेव्हा रोहू असे उसळले की भूपेशच पाय घसरून चिखलात बसला. आता मात्र सगळा गाव हसला, आणि शालिकराम सगळ्यांत मोठ्यानं. किती दिवसांनी असा हसला तो!

माशांचे वाटे पडले. झाडाखाली बाटल्या निघाल्या. गोकुळाचा जागता पहारा नेहमी इथून पुढे सुरू व्हायचा. जाळं झटकता झटकता शालिकरामनं सवयीनं वर पाहिलं.

पाळ रिकामी होती. मासळीची टोपली डोक्यावर घेऊन गोकुळा बाजाराच्या वाटेला लागली होती.

"जाळं वाळू घालून या जी घरी!" तिनं मागे न बघताच हाक दिली.