कट केला म्हणजे समजलं

या सौद्यात इस्तारीच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडून घेऊ. दुपारची झोप. बाकी काही नाही.

ज्याला हा फायदा किरकोळ वाटतो, त्यानं चामोर्शीच्या बाजूला येऊन भादव्यात एक तलाव राखून पाहावा. वरच्या गावचा तलाव भरला की त्याचं पाणी नाल्यानं जंगलातून उतरतं आणि यांच्या तलावात येतं. हाही भरला की सांडव्यावरून वाहू लागतं. वाहत्या पाण्यासोबत मासा निघतो, सरळ खालच्या गावच्या तलावात जातो, आणि या भागाचा रिवाज असा की ज्याच्या पाण्यात मासा, त्याचा मासा. म्हणून पाणी सांडायच्या आत सांडव्याला जाळी बांधावी लागते. रोहू-कतल्यावर मच्छीमार सोसायटीच्या सगळ्या घरांचं वर्ष अवलंबून, आणि इस्तारी सोसायटीचा अध्यक्ष. अध्यक्षाला मान एवढाच की दिवसभर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, चकरा मारायच्या आणि पाण्याला विचारायचं, आलंस का? पाणी काही बोलत नाही. परत यायचं, जरा लवंडायचं, परत जायचं.

मुलगी रोशनी नागपूरच्या कंपनीत प्रोग्राम लिहिते. पावसाळ्यात ती महिनाभर घरून काम करायला आली आणि बापाच्या चकरा बघून तिचा जीव कासावीस झाला. तिनं वरच्या तलावात पाणी मोजणारी एक डबी बसवली. डबी सर्वरला सांगणार, आणि सोसायटीतल्या घराघरांतले फोन सर्वरला विचारणार. झालं काय, तर सगळे फोन इस्तारीसारखेच निघाले. आलं का, आलं का, असं दिवसभर विचारत सुटले आणि जेवणवेळेपर्यंत बॅटरी संपवून गप्प पडले.

"आता उलटं करतो, बाबा," रोशनी म्हणाली. "आपण विचारायचंच नाई. आपला नंबर त्याच्याजवळ ठेवून द्यायचा. पाणी चढलं की तोच आपल्याले बोलावते. याले कॉलबॅक म्हणतात."

"म्हणजे गिरणीवर डबा ठेवून घरी यायचं. दळण झालं की गिरणीवाला हाक मारते."

"तसंच."

"तो सर्वर बसते कुठी?"

"मुंबईत. एका थंड खोलीत."

"अन् तिथून त्याले आपलं पाणी दिसते?"

"दिसत नाई. म्हणून तर डबी आहे."

इस्तारीला ती थंड खोली फार आवडली. आपल्यासाठी कोणीतरी तिथं डोळे मिटून, कान उघडे ठेवून बसलं आहे, ही कल्पनाच अंगावर पातळ गोधडी घेतल्यासारखी होती.

सर्वरच्या फोनवर आवाज कोणाचा भरायचा, हा प्रश्न लगेच सुटला. गावात ज्या आवाजाला कोणी नाही म्हणत नाही असा एकच, इस्तारीच्या बायकोचा. गोकुळानं पदर सावरून फोनमध्ये सांगितलं, "पाणी चढून राह्यलं. जाळी बांधा. समजलं का?" फोन उचलायचा, ऐकायचं आणि "हो" म्हणायचं. तो हो म्हणजे सर्वरला पोच. नंबर सोसायटीतल्या सगळ्यांचे घातले. शिवाय खालच्या गावच्या दसरूचा घातला, कारण पाणी शेवटी त्याच्याच तलावात जातं आणि तो गोकुळाचा थोरला भाऊ.

रोज जेवणवेळेला चाचणी सुरू झाली. आणि इथंच या गावाची सवय आडवी आली.

इथं फोन उचलण्यासाठी नसतो. एक रिंग म्हणजे भात झाला, घरी या. दोन म्हणजे पाहुणा आला, येताना साखर आणा. ऐकणारा फोन कट करतो आणि कट केला म्हणजे समजलं. मिनिटाला पैसे पडायचे त्या काळातली ही रीत. आता बोलणं फुकट झालं, रीत तशीच राहिली. उलट जो उचलतो तो वेंधळा, सांगितलेलं न समजणारा. तेव्हा मुंबईच्या त्या नंबरावरून रिंग आली की घराघरांतून अदबीनं कट होऊ लागली. सर्वर बिचारा शहरात वाढलेला. त्याला वाटलं, नको म्हणतात. आणि रोशनीनं त्याला सगळ्या कंपन्यांत असतो तसा नियम शिकवला होता: जे दार तीनदा उघडत नाही, त्याची कडी पुन्हा वाजवायची नाही.

रोशनी नागपूरला परतली. तिथून विचारायची, "बाबा, पोचते ना?"

"पोचते, पोचते," इस्तारी म्हणायचा. खोटं बोलत नव्हता. पोचलं म्हणूनच तर कट केलं होतं. पुढं रिंग येईनाशी झाली, तेव्हा तो आणखी निर्धास्त झाला. वाजत नाही म्हणजे पाणी नाही.

मग त्यानं आपला फायदा वसूल करायला घेतला. पाळीवरच्या करंजीच्या झाडाखाली, टॉवेल तोंडावर, पोट उघडं. ऊन पानांतून गळून त्याच्या छातीवर हलत राहायचं. एका दुपारी त्याला ती थंड खोली स्वप्नात दिसली. तिच्यातून एक बाई निघाली, हिरव्या लुगड्यातली, हातात डबी. पाण्यावरून चालत आली, पाय ओले न होता. तिनं प्रत्येक घरासमोर उभं राहून हाक दिली. प्रत्येक घरानं आतून मान हलवली, पण मान काही अंगणातून दिसत नाही. बाई तोंड मिटून पुढं गेली. तिच्या मागं रोहूंची रांग निघाली, लग्नाच्या वरातीसारखी, नटूनथटून, एकेक मासा वळून इस्तारीकडं बघत. तो म्हणाला, "कुठी चालले रे?" आवाज फुटला नाही. मागं वाजंत्री वाजतच होती.

वाजंत्री नव्हती. सांडवा होता.

इकडं लख्ख ऊन, पण जंगलापलीकडं कुठंतरी सकाळपासून कोसळलं होतं. इस्तारी धावला. पाणी काचेसारखं वाकून खाली पडत होतं, आणि त्या काचेत चांदीचे पट्टे सरकत होते, एकामागून एक, अगदी सावकाश, जणू त्यांना कसलीच घाई नव्हती. गाव धावून आलं, छातीएवढ्या पाण्यात उभं राहून जाळी बांधली. तोवर मोठा मासा निघून गेला होता.

संध्याकाळी रोशनीला फोन लावला. तिनं लॅपटॉप उघडून पाहिलं.

"बाबा, तू कट केला?"

"मंग? समजलो, म्हणून कट केला."

"सगळ्याइनं कट केला. सर्वरनं सगळ्याइचे नंबर काढून टाकले. आज त्यानं एकालेच फोन लावला."

"कोणाले?"

"मामाले."

सकाळी पिकअपमध्ये पाण्याचे ड्रम भरून इस्तारी आणि गोकुळा खालच्या गावी गेले. दसरू बाजेवर बसून जाळं साफ करत होता. त्याच्या तलावाच्या सांडव्याला जाळी घट्ट बांधलेली, आणि तलाव नुसता उसळत होता.

"या जवाईबापू! तुमचा मासा मोठा शिकलेला दिसते. बरोबर घर सापडलं त्याले."

"तुले फोन आला होता, तं मले काऊन नाई सांगतलं?"

"फोन तुझ्याच घरचा. तुलेच माहीत नसन, हे मी कसं समजू?" दसरू बहिणीकडं वळला. "रोज आवाज यायचा हिचा. मी म्हणो, किती दिसानं आठवण केली, माय! हे म्हणे, पाणी चढून राह्यलं. म्या म्हटलं, चढू दे, तुह्या गुडघ्याचं कसं आहे? हे म्हणे, समजलं का? म्या म्हटलं, हो. तं ठेवूनच देते!"

गोकुळा हसली. हसता हसता तिनं पदर तोंडाला लावला आणि तो बराच वेळ काढलाच नाही. माहेर दोन नाले ओलांडून, पण दरवर्षी निघायची वेळ आली की इस्तारी म्हणायचा, तलाव कोण राखन?

"मासा रिवाजानं माझा," दसरू म्हणाला. "मांगून दाखव."

इस्तारीनं तोंड उघडलं. बोलली गोकुळा.

"दादा, अर्धा मासा याइले भरून दे. सोसायटीच्या पोराबाळांचा आहे तो. अन् मी राहतो इथी."

"किती दिवस?" इस्तारीनं विचारलं.

"पाणी उतरेपर्यंत. तलाव राखाले तुमचा सर्वर आहे ना."

दसरूनं जाळं खाली ठेवलं आणि स्वतः ड्रम उचलायला उठला.

रोशनीनं सगळे नंबर परत घातले आणि या एका गावासाठी नियम बदलला: कट केलं तर पोच धरायची.

तेव्हा हिशेब असा बसला. सर्वरचं काही गेलं नाही. दसरूचा अर्धा मासा गेला, पण बहीण घरी आली. सोसायटी अर्ध्यावर सुटली. गोकुळाला भादव्यापासून कार्तिकापर्यंतचं माहेर एकदम मिळालं. भरलं ते इस्तारीनं. चुलीपाशी डोळे चोळत तो करपलेला भात खाली उतरवतो, आणि मुंबईहून रिंग आली की सारं गाव कट करतं, तो एकटा उचलतो आणि गोकुळाला शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतो.