सरांच्या नावाचा प्राणी

सरांनी मायक्रोस्कोपला डोळा लावला की भिंगावर तेलकट डाग उरायचा. तो पुसल्याशिवाय मला कामाला बसता येत नसे. आधी कोरडा कापूस, मग स्पिरिट, मग पुन्हा कोरडा कापूस. डोक्याचं तेल माणसाच्या पापण्यांपर्यंत पोचतं तरी कसं, हे कोडं मला कधी सुटलं नाही आणि सोडवायची इच्छाही झाली नाही.

सर म्हणजे आमच्या पाणथळ संशोधन केंद्राचे प्रमुख. मी तिथली कंत्राटी तपासनीस. गावाबाहेर नदीला लागून एक मोठं तळं आहे. पूर आला की नदी त्यात शिरते, ओसरली की आपला गाळ तिथेच टाकून निघून जाते. त्या पाण्यात डोळ्यांना न दिसणारे कोणकोणते प्राणी आहेत ते ओळखायचे आणि त्यांची नोंद करायची, हे माझं काम. ऐकायला बरं वाटतं. प्रत्यक्षात कुजकी पानं, बुळबुळीत शेवाळ, नमुने टिकवायच्या फॉर्मलिनचा नाकात शिरणारा वास आणि एका थेंबात एकमेकांना गिळणारे शेकडो जीव. या नोकरीमुळे मी घरी पाणी दोनदा गाळते आणि खळखळून उकळते. बाहेर कुठे पाण्याला तोंड लावत नाही. माझ्या सासूबाईंना याची भारी गंमत वाटते. आमची सून दिवसभर किड्यांना नावं ठेवते आणि घरी आली की आम्हाला, असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

ऑफिसात मात्र मी चहा प्यायची. उकळलेला असतो, एवढाच दिलासा.

सरांच्या निवृत्तीला थोडे महिने उरले तेव्हा त्यांना एकाएकी तळ्याचं प्रेम आलं. इतक्या वर्षांत त्यांनी तळं खिडकीतूनच पाहिलं होतं. आता फोटोग्राफर घेऊन ते होडीत बसले, जाळी पाण्यातून ओढली आणि धुतलीही स्वतःच. आमची जाळी म्हणजे बारीक रेशमी कापडाचं नरसाळं, खाली बाटली. पाण्यातून ओढली की प्राणी कापडाला चिकटतात, ते धुऊन बाटलीत उतरवायचे. त्याचा एकच नियम आहे. पाणी बाहेरून मारायचं, म्हणजे धुण्याच्या पाण्यात काही असलं तर ते कापडाच्या बाहेरच अडकतं. सरांनी ऑफिसातून भरून आणलेली पाण्याची बाटली उघडली आणि जाळी आतून धुतली. मी काठावर होते, फोटोत येऊ नये म्हणून मला दूर उभं केलं होतं. तिथून मला फक्त त्यांची पाठ दिसली, बाकीचं पुढे फोटोंत.

त्याच नमुन्यात तो सापडला. रोटिफर म्हणतात त्या गटातला. या प्राण्यांच्या डोक्यावर बारीक केसांची दोन वर्तुळं असतात, ती हलली की चाकं फिरल्यासारखी दिसतात. फॉर्मलिनमध्ये मात्र सगळे आखडून चोथ्यासारखे होतात आणि कोण कोणता ते कळेनासं होतं. मग त्यावर ब्लीचचा थेंब टाकायचा. अंग विरघळून जातं आणि जबडा तेवढा उरतो. जबड्यावरून ओळख पटते. याचा जबडा मी कुठल्याही पुस्तकात पाहिला नव्हता. डावीकडे एक जास्तीचा दात, तोही वाकडा. मी आठवडाभर पुस्तकं उलथीपालथी केली आणि मग सरांना सांगितलं, की हा बहुधा नवा आहे.

सर खुर्चीतून उठले. कानात घातलेली करंगळी त्यांनी आधी बाहेर काढली, निरखली आणि शर्टाला पुसली. प्राण्याला स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नसतं, असा संकेत आहे. तेव्हा नाव मी द्यायचं, असं ठरलं. त्यांचं. बदल्यात ते जाण्याआधी माझ्या कायम नेमणुकीची शिफारस करणार होते. तळ्याच्या कामात नवी जात सापडली म्हटल्यावर वर कोणी नाही म्हणणार नव्हतं. मी इतकी वर्षं त्या शिफारशीची वाट पाहत होते. नवऱ्याचा कारखाना बंद पडायच्या बेतात होता. मी हो म्हटलं. वाकडा दात आणि तळाच्या घाणीत बस्तान, नाव काही अगदीच विजोड नव्हतं.

पण एकट्या नमुन्यावर भागत नाही. मी पुन्हा तळ्यावर गेले, मग पुन्हा. लव्हाळ्यातून, मधल्या खोल पाण्यातून, नदीच्या तोंडापाशी, सगळीकडून जाळी ओढली. शेकडो प्राणी मिळाले, तो मिळाला नाही. सर म्हणाले, नजर लागते मॅडम, ती सगळ्यांकडे नसते. माझ्या मस्तकात तिडीक गेली, पण मी मूग गिळून बसले.

मग एके दुपारी ऊर्ध्वपातित पाणी संपलं आणि मी काचपट्टी नळाखाली धुतली. तिच्यावर एक थेंब राहिला होता. सवयीनं तो भिंगाखाली धरला. थेंबात तो होता. जिवंत, दोन्ही चाकं गरगरा फिरवत, समोर येईल ते तोंडात ओढत. मी ब्लीच टाकलं. वाकडा दात.

मी जिन्यानं थेट गच्चीवर गेले. टाकीचं झाकण केव्हाच फुटलं होतं आणि त्यावर कोणीतरी पत्रा टाकला होता. पत्रा सरकवला तर वास आधी आला. पाण्यावर पिसं तरंगत होती. ज्याची पिसं, तो पक्षी कोपऱ्यात होता, म्हणजे जे काही उरलं होतं ते. तळाला चार बोटं जाडीचा काळपट लगदा. मी ओणवी होऊन त्यातला चिमूटभर उचलला, आणि तिथेच गच्चीच्या कठड्याला धरून ओकले. इतकी वर्षं मी याचा चहा पीत होते. मेलेला पक्षी उकळला की स्वच्छ होतो, असं मी स्वतःला समजावत होते की काय, कोण जाणे.

भिंगाखाली पाहिलं तर त्या चिमटीत तो हजारांनी होता.

सरांना सांगायला गेले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास होता. मी सगळं सांगितलं, टाकी, पक्षी, लगदा, बाटलीतलं पाणी आणि आतून धुतलेली जाळी. तळ्यात हा प्राणी नाहीच, हेही. त्यांनी ऐकता ऐकता एक घोट घेतला.

"प्राणी नवा आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण टाकीतला."

"मग सोपं आहे. टाकीतून एक बादली काढा आणि तळ्यात नेऊन ओता. चार दिवसांनी जाळी ओढा, मिळेल. मिळाला म्हणजे तळ्यातलाच झाला की. यात खोटं काय आहे, सांगा बरं."

पक्ष्याची मला नुसती किळस आली होती. या माणसाची शिसारी आली. पण शिफारशीचा कागद त्यांच्याच खणात होता, सहीविना. मी टाकीतून बादली भरली, तळाचा लगदा ढवळून, नाकाला पदर लावून. शिपाईकाकांनी कशाला ते विचारलंही नाही, साहेबांचं काम म्हणजे असंच काहीतरी असणार, हे त्यांना ठाऊक होतं.

बादली स्कूटरवर पायाशी ठेवून मी तळ्यावर गेले. काठावर चिखलात उभी राहिले. मला हे तळं आवडत नाही. त्याचा वास आवडत नाही, त्यातली जळवांची वळवळ आवडत नाही. पण त्यात कोण कोण राहतं ते मला माहीत आहे. सगळ्यांच्या जबड्यांशी माझी ओळख आहे. बादली उलटी करायला एक क्षण पुरला असता, आणि मग ती घाण कोणालाही, कधीही, पुन्हा वेगळी काढता आली नसती. पुढे जो कोणी इथे जाळी ओढेल तो माझं खोटं खरं समजून लिहून ठेवेल. मी बादली उचलली आणि घरी आले.

सासूबाईंनी बाल्कनीतली बादली पाहून पदर नाकाला लावला. "इतकी वर्षं आम्हाला उकळून पाणी पाजलंस," त्या म्हणाल्या, "आणि आता हे?" मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, आत जाऊन मलमलीचा तुकडा आणला आणि बादलीवर बांधला. डास होतील, एवढंच म्हणाल्या.

निरोप समारंभाला हॉल भरला होता. बाहेरचे पाहुणे होते, टेबलांवर जग आणि ग्लास मांडले होते. व्यासपीठावर चढण्याआधी सरांनी मला हळूच विचारलं, ओतली ना. मी नाही म्हटलं. ते हसले आणि म्हणाले, बोलताना तेवढं मात्र सांभाळा. मग त्यांनी भाषण केलं. आपण स्वतःच्या हाताने तळ्यातून हा जीव कसा वर काढला, ते सांगताना त्यांचा गळा दाटून आला. खरंच दाटला, त्यातच मोठी घाण होती. मला पडद्यावर प्राणी दाखवायला बोलावलं. मी मायक्रोस्कोप जोडला, आणि पडद्यावर तो हाताएवढा होऊन चाकं फिरवू लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी विचारलं, तळ्यात नेमका कुठल्या भागात सापडतो.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला शिफारस हवी होती. ती किती हवी होती हे माझं मलाच ठाऊक.

"तळ्यात सापडत नाही," मी म्हणाले. "गच्चीवरच्या टाकीत सापडतो. हा थेंब मी आत्ता समोरच्या पाण्याच्या जगमधून घेतला."

ग्लास खाली ठेवल्याचे आवाज तेवढे आले, एकामागून एक. पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी रुमालात काहीतरी थुंकलं.

पुढचं मला आधी सुचायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी, म्हणजे नोकरीच्या शेवटच्या दिवशी, सरांनी पहिलं काम काय केलं असेल तर टाकी धुऊन घेतली. मी पोचेपर्यंत माणसं खाली उतरत होती. मी वर धावले. टाकी कोरडी होती, पांढरी फटक, ब्लीचच्या वासानं डोळे झोंबत होते. मी एका थेंबाने एकेकाचं अंग विरघळवायची, यांनी कॅनच्या कॅन ओतले होते. जगात आपल्याला माहीत असलेलं त्या प्राण्याचं ते एकच घर होतं. लोकांना किळस आली म्हणून ते गेलं, आणि किळस मीच आणली होती. शिपाईकाका आनंदानं म्हणाले, आता बिनधास्त चहा प्या. मी कठड्याला टेकून रडले.

मग मला बादली आठवली.

माझी नेमणूक अर्थातच झाली नाही. कंत्राट संपलं, टेबल रिकामं करून दिलं. नवऱ्याच्या कारखान्यालाही टाळं लागलं. मी जुना मायक्रोस्कोप मागून आणून जेवणाच्या टेबलाच्या टोकाला बसवला आणि घरूनच त्या प्राण्याचं वर्णन लिहायला घेतलं. जीव त्या लगद्यातच राहतात, त्यामुळे तो फेकता येत नाही. रोज हाताने हलवावा लागतो, नाहीतर सडतो. कोमट पाण्यात कालवलेलं चिमूटभर यीस्ट त्यांना आवडतं. ते सासूबाई न विसरता कालवून देतात, चेहरा दुसरीकडे वळवून.

काल सर घरी आले. सोफ्यावर बसले, डोकं मागे टेकलं, आणि मी मनातल्या मनात सोफ्याची खोळ धुवायला टाकली. त्यांनी परदेशातल्या एका जाणकाराला चित्रं पाठवली होती. उत्तर आलं होतं, असा जबडा जगात कुठेच नोंदलेला नाही, जिवंत प्राणी असतील तर पाठवा. सरांनी इकडचं तिकडचं विचारलं आणि मग मुद्द्यावर आले. ती बादली मी तळ्यात ओतली नव्हती, म्हणजे ती कुठेतरी असणार.

"टाकीतला तर टाकीतला," ते म्हणाले. "तसं लिहा, माझी हरकत नाही. फक्त नाव माझं राहू द्या. नवे प्रमुख माझ्या शब्दाबाहेर नाहीत. उद्या तुमची ऑर्डर निघेल."

सासूबाई पाण्याचा ग्लास घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थबकल्या. घरात पगार येत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार. मी बाल्कनीकडे पाहिलं. मलमलीखाली ते सगळे चाकं फिरवत असतील, कोण आलंय याची त्यांना काय पर्वा.

"नाव ठरलंय, सर," मी म्हणाले. "जिथे सापडला तिथलंच. टाकीचं. ज्यानं ते घर धुऊन टाकलं, त्याचं नाही देणार."

सासूबाईंनी ग्लास सरांच्या हातात दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, आरपार पाहिलं, आणि न पिता टेबलावर ठेवला. मग उठले, चपला घातल्या आणि गेले.

"दोनदा गाळलेलं होतं गं," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी ते पाणी तुळशीला नाही, झाडांना नाही, बादलीतच ओतलं, मलमल वर करून, जपून. मला यीस्टची वाटी दिली आणि चेहरा वळवला.

मी बाही वर सरकवली, तोंड वेडंवाकडं केलं आणि हात कोपरापर्यंत त्या लगद्यात घातला.