जटायूची टेकडी

टेकडीवर जायचा हट्ट स्पृहाचा. वारज्याच्या पलीकडे, शहर विरळ होत जातं तिथल्या टेकडीवर जटायूचं मोठं शिल्प उभं राहिलं होतं आणि तिच्या वर्गातली निम्मी मुलं ते पाहून आली होती. तेव्हा रविवारी सकाळी निकिताने गाडी काढली, सासूला, विजयमालाबाईंना, आणि लेकीला बसवलं आणि तिघी निघाल्या. शंभू, निकिताचा नवरा, ऑफिसच्या कामाला बंगळूरला गेला होता.

पायऱ्या दोनशेच्या वर. विजयमालाबाईंचे गुडघे साठी ओलांडलेले. त्या थांबत थांबत चढल्या. वर पोचल्या तेव्हा आठ-दहा माणसं त्या प्रचंड पक्ष्यासमोर उभी होती. पक्षी उताणा पडलेला, एक पंख मुळापासून तुटलेला, चोच आभाळाकडे. खाकी कपड्यांतला एक माणूस गोष्ट सांगत होता.

"म्हातारा झाला होता बगा जटायू. तरी रावणाला आडवा गेला. पंख तुटला, खाली पडला. पण जीव सोडला न्हाई. राम येईस्तोवर धरून ठेवला. सीतेला कुणी नेलं, कुठल्या दिशेला नेलं, ते रामाला सांगितलं आन् मगच डोळे मिटले."

चेहरा दिसायच्या आधीच विजयमालाबाईंनी आवाज ओळखला.

"निकिता, मला गरगरतंय. आपण खाली जाऊ या."

"अहो आई, आत्ता तर आलो. सावलीत बसा जरा."

तेवढ्यात स्पृहा ओरडली, "नागूकाका!" आणि धावत सुटली.

नागोराव परभणीकडचा. कर्वेनगरात यांच्या सोसायटीच्या गेटवर तो सहा वर्षं वॉचमन होता. त्याची बायको गोदाबाई तिथल्याच चार घरी धुणीभांडी करायची. दोन वर्षांपूर्वी, एका दुपारी, विजयमालाबाईंनी त्याला चौथ्या मजल्यावर बोलावून घेतलं. माळ्यावरची ट्रंक काढायची होती. "काकू, गेट मोकळं राहील," असं तो म्हणालाही होता. "पाच मिनिटांनी काही आभाळ कोसळत नाही," असं त्यांनी त्याला ऐकवलं. ट्रंक खाली आली, त्यातल्या साड्या बाहेर आल्या, पाचाची वीस मिनिटं झाली. दार उघडंच होतं. चार वर्षांची स्पृहा जिना उतरून, गेटमधून रस्त्यावर गेली आणि एका स्कूटरचा धक्का लागून पडली. उजवा हात मोडला.

संध्याकाळी कमिटीची माणसं जमली. निकिता हॉस्पिटलमधून आली होती, डोळे सुजलेले. नागोराव म्हणाला, "मला काकूंनी वर बोलावलं होतं." सगळे विजयमालाबाईंकडे वळले. त्यांना त्या क्षणी एकच दिसलं: निकिता यापुढे आपल्यावर पोर सोपवणार नाही.

"मी? मी नव्हतं बोलावलं," त्या म्हणाल्या.

लिफ्टमधला कॅमेरा महिनाभर बंदच होता. झोपला असेल, प्यायला असेल, असं कोणी कोणी बोललं आणि दुसऱ्या दिवशी गेटवर नवा माणूस आला. महिन्याभरात गोदाबाईची कामंही सुटली. विजयमालाबाईंनी ती ट्रंक पुन्हा कधी उघडली नाही. पण कोणाला काही सांगितलंही नाही.

आता नागोराव उकिडवा बसून स्पृहाचा हात हातात घेऊन पाहत होता. "वळतो का नीट? पावसाळ्यात दुखत न्हाई ना?"

निकिता पुढे झाली. तिने स्पृहाला आपल्याकडे ओढलं. "अरे वा. इथे नोकरी मिळाली तर. इथे तरी जागे असता ना दुपारचे?"

नागोराव उठला. त्याने टोपी सारखी केली. विजयमालाबाईंकडे त्याने पाहिलंही नाही. निदान पाहायला तरी हवं होतं, असं त्यांना वाटून गेलं. त्याने शिव्या दिल्या असत्या तरी त्या खाली मान घालून उभ्या राहिल्या असत्या. हे असं, काही अपेक्षाच नसल्यासारखं उभं राहणं त्यांना सोसेना.

"निकिता, तो झोपला नव्हता."

"काय?"

"मीच त्याला बोलावलं होतं. ट्रंक काढायला. तो नको म्हणत होता, मी ऐकलं नाही. दार मी उघडं टाकलं होतं. आणि सगळ्यांसमोर खोटं बोलले."

"दोन वर्षं, आई," एवढंच निकिता म्हणाली. मग नागोरावाकडे वळली. "माफ करा, काका. मी आत्ता बोलले ते... माफ करा." आणि स्पृहाला घेऊन पायऱ्या उतरू लागली.

विजयमालाबाई तिथेच. हात जोडावेत की काय करावं, कळेना. "नागोराव, मी कमिटीला लेखी देते. नोटीस बोर्डावर लावायला सांगते."

"कमिटीचं ऱ्हाऊ द्या काकू," तो म्हणाला. "मला आता त्या गेटवर यायचं न्हाई. गोदीला सांगा."

"गोदाबाईला? तिला माहीत नाही?"

"मी सांगितलं की. चारदा सांगितलं. लग्नानंतर पाच-सहा वर्षं मी प्यायचो, मग सोडली. तिला वाटलं, पुन्हा धरली. म्हणाली, त्या बाई इतक्या चांगल्या, त्या खोटं कशाला बोलतील? दीड वर्ष झालं, हडपसरला भावाकडं असती."

विजयमालाबाई खाली कट्ट्यावर बसल्या. त्या गोदाबाईला दिवाळीला साडी देत, चहा देत, तिच्या गुडघ्यांना तेल सांगत. तो सगळा चांगुलपणा आज त्यांच्या अंगावर आला.

नागोरावाने फोन लावून दिला. विजयमालाबाईंनी सांगितलं, अडखळत, पण सगळं सांगितलं. गोदाबाई म्हणाली, "फोनवर नगा सांगू. हितं या. माझ्या भावासमोर सांगा. तो बी त्याला लई बोललाय."

रात्री निकिताने शंभूला फोन केला, दार लावून.

दुसऱ्या दिवशी विजयमालाबाई बसने एकट्या हडपसरला गेल्या. दोन खोल्यांच्या घरात भाऊ, भावजय आणि गोदाबाई, तिघं बसली होती. विजयमालाबाईंनी उभ्यानेच सगळं सांगितलं. गोदाबाई रागावेल, असं त्या धरून चालल्या होत्या. ती पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली.

"मी त्याला दारात उभं केलं न्हाई, काकू. दोनदा आला होता. तुमच्या एका शब्दावर मी माझ्या माणसाला खोटं पाडलं. आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

चल, मी येते बरोबर, असं म्हणायचाही अधिकार आपल्याला उरलेला नाही, हे विजयमालाबाईंना कळत होतं. तरी त्या म्हणाल्या. गोदाबाईने मान हलवली. "तुम्ही नगा येऊ. माझी मी बघीन."

तिथे त्यांना पाणीही कोणी विचारलं नाही, आणि ते बरंच झालं, असं त्यांना वाटलं.

कमिटीला त्यांनी लेखी दिलं. कागद आठवडाभर नोटीस बोर्डावर होता. जिन्यात भेटणाऱ्या बायका तेवढे दिवस फोनमध्ये बघत चालल्या. निकिताने स्पृहाला शाळेनंतर पाळणाघरात घातलं. भांडली नाही, टोमणा मारला नाही, जेवणाचं ताट नेहमीसारखं वाढत राहिली. शंभू आला, तोही तसाच वागला.

महिन्याने एका सकाळी निकिताच म्हणाली, "परवा ऑफिसातल्या लोकांबरोबर त्या टेकडीवर गेले होते. पायथ्याशी एक बाई शेंगा विकत होती. गोदाबाईंसारखी वाटली."

"बोललीस?"

"नाही. काका डबा खात तिच्याशेजारी बसले होते. दोघं बोलत नव्हते, पण बसले होते."

एवढं सांगून निकिता ऑफिसला गेली. दुपारी चार वाजले. पूर्वी या वेळेला स्पृहाची बस खाली यायची. विजयमालाबाई उठल्या, पुढचं दार नीट लागलंय का ते पाहून आल्या आणि रिकाम्या घरात बसून राहिल्या.