सात नंबरची खुंटी

आमच्या नेमबाजी क्लबात प्रत्येकाच्या रायफलीला भिंतीवर स्वतःची खुंटी असते. खुंटीवर आधी नुसता आकडा. मास्तरांच्या मनात येईल त्या दिवशी ते आकडा पुसून टोपणनाव रंगवतात. नाव मागायचं नाही आणि मिळालेलं नाकारायचं नाही, एवढीच अट. नेम धरला की ज्यांना उचकी लागायची ते दातांचे डॉक्टर झाले उचकी. दोन छर्ऱ्यांच्या मधे पेंगणारे रिटायर बँकवाले म्हणजे डुलकी. मी मात्र वर्षानुवर्षं सात नंबर.

धाकट्या जावेला क्लबात मीच आणलं. घरात सासूबाईंच्या तोंडी दिवसभर तिचंच कौतुक. म्हटलं, इथे तरी माझ्या मागून चालेल. कसलं काय. महिनाभरात तिने एके दिवशी सगळे छर्रे एकाच भोकातून घातले. मास्तरांनी कागद उजेडात धरला, रंगाचा डबा मागवला आणि तिच्या खुंटीवर लिहिलं, सुई. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पण नजर माझ्या साताच्या आकड्यावर.

"ताई, तुम्ही शिकवलंत म्हणून जमलं हो," घरी जाताना ती म्हणाली. म्हणजे जखमेवर मीठ, तेही गोड आवाजात.

वार्षिक स्पर्धेत आम्हा दोघींना शेजारशेजारची जागा मिळाली. आज नाव मिळवायचंच, अशा जिद्दीने मी उभी राहिले. हात कधी नव्हे इतका स्थिर होता. डोळा मात्र ताब्यात नव्हता. प्रत्येक छर्ऱ्यानंतर दुर्बिणीतून आधी तिचा कागद बघायची, मग माझा. शेवटचा नेम धरला, श्वास सोडला, चाप ओढला. सुटतानाच कळलं, मधोमध. असा छर्रा मी जन्मात मारला नव्हता.

बटण दाबलं. माझा कागद दोरीवरून सरकत आला. त्यावर एक भोक कमी होतं. तिच्या कागदावर एक जास्त.

मास्तरांनी चष्मा पुसला. "दुसऱ्याच्या कागदावर मारलं तर मारणाऱ्याला शून्य. आणि कुठलं कुणाचं ते कळत नसेल, तर ज्याचा कागद त्याला चांगलं ते द्यायचं."

"कळतंय की," धाकटी म्हणाली. "मधलं ताईंचं आहे. माझा कडेला गेलाय."

"तुझ्या सांगण्यावर नाही चालत बाई. नियम तो नियम."

तिचा पहिला नंबर आला, माझ्या छर्ऱ्याने. मी शेवटून दुसरी. वर मनाचा मोठेपणाही तिच्याच पदरात. गप्प बसली असती तर निदान मनसोक्त शिव्या तरी घालता आल्या असत्या.

बक्षिसं झाल्यावर मास्तर डबा आणि ब्रश घेऊन भिंतीकडे गेले. सात नंबरपाशी थांबले. एवढी वर्षं याच घटकेची वाट पाहिली होती. त्यांनी आकडा पुसला आणि सावकाश अक्षरं काढली, शेजारीण.

डुलकी हसता हसता खुर्चीवरून घसरले. धाकटी तेवढी हसली नाही.

आता क्लबात सगळे मला त्याच नावाने हाक मारतात आणि मी ओ देते. नवीन कुणी आलं की हमखास विचारतं, "शेजारीण? कुणाची हो?" मग मला सुईचं नाव सांगावं लागतं.