बाणाचा कौल

अग्निबाबाचा बाण आज करणी करणारीचं घर दाखवणार, म्हणून बाळापूरजवळच्या आमच्या गावात तिन्हीसांजेला जत्रा लोटली होती. साल एकसष्ट. त्याच वर्षी रशियाचा माणूस पृथ्वीभोवती चक्कर मारून आला होता. आमचं गाव दिवाळीतल्या बाणापुढं नारळ फोडत होतं!

गावात फऱ्या रोगानं बैल मेले होते. लस टोचायला आलेल्या डॉक्टरला याच लोकांनी 'सुईनं बैल बाटतेत' म्हणून परत पाठवलं होतं. आता पाप कोणाच्या तरी माथी मारायलाच हवं होतं.

बाबानं जमिनीत रोवलेल्या बांबूच्या नळीत बाण ठेवला, नळीवरून मायेनं हात फिरवला, बुबुळं वर नेली. "माय अंबे, जिनं बैल खाल्ले तिच्याकडं मान वळव!"

बत्ती लागली. बाण सुर्रकन वर गेला आणि वाकत वाकत बौद्धवाड्यातल्या सुंदराबाईच्या घरावर फुटला. एकटी बाई, छप्पन सालच्या धर्मांतरानंतर देव्हारा रिकामा केलेली. देवीला नेमकी हीच सापडली!

"बाप्पा! आपसूकच वळला!" लोक ओरडले. कितीकांनी दगड उचलले.

पाटील खुशालराव गरजले, "सुंदरे, सकाळी गाव सोड."

"काहून? माहं घर हाय. जळक्या काडीच्या सांगण्यावरून मी काहून जाऊ?"

तिचा भाचा धर्मपाल बाळापूरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचा. तो गवंड्याचा ओळंबा घेऊन पुढं आला, नळीशेजारी धरला. दोरी सरळ, नळी बोटभर कललेली, मावशीच्या घराकडं.

"जमीन खचली असंन," बाबा पुटपुटला.

"मंग दुसऱ्या अंगानं खचवून पाहू." धर्मपालनं नळी पाटलाच्या घराकडं कलवली आणि बाबाच्याच पोत्यातला बाण लावला.

"मंत्राबिगर वळत नाही तो!"

वळला. खुशालरावांच्या माडीवर फुटला.

"पाटील, तुमी सकाळी निघता काय?" सुंदराबाईनं विचारलं. गर्दी खदाखदा हसली. पाटील पागोटं सावरत राहिले.

"सुरुवातीले जरासा कल दिला की पुढचं काम वजनच करते," धर्मपाल म्हणाला. "पृथ्वी खाली ओढते, वाट वाकत जाते. खालून वाटते, वर गेल्यावर कोणी वळवला. पृथ्वीभोवती फिरणारं यान असंच पाठवतेत. आधी उभं, दाट हवेतून लवकर निघायले. मंग जरासं कलवतेत, अन् पृथ्वीची ओढच त्याची वाट आडवी करत नेते. वळवायले जळण फुकट जात नाही. ते आडव्या वेगाले कामी येते. तो वेग नसला, तर कितीबी उंच जा, धपकन खालीच."

म्हातारे नत्थुजी म्हणाले, "म्हंजे रशियावाल्यायले मंत्र नाही लागत?"

"हिशेब लागते, नत्थुजी."

तेवढ्यात बाबा पोतं उचलून पसार झाला. लोकही पांगले. सुंदराबाई आपल्या घरी गेली, पण एकानंही तिची माफी मागितली नाही. मघाशी दगड उचलायला हात मात्र भरपूर होते.

लोकहो, बाण कोणाकडेही वळतो, कलवील तिकडं. जिथं बाबाची देवी दरवेळी गरिबाच्या, एकट्या बाईच्याच दारात उतरते, तिथं आभाळाकडं बघू नका. बाबाचा हात बघा.